शाळेसाठीच्या विषाणू-सूचना : काय पाळायचं, काय परत पाठवायचं

एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "वर्गात मुलं खांद्याला खांदा लावून बसतात आणि परिपत्रक सांगतं, सुरक्षित अंतर ठेवा. निम्म्या खिडक्या उघडत नाहीत आणि परिपत्रक सांगतं, हवा खेळती ठेवा. आजारी मुलाला घरी ठेवा म्हणतात, आणि हजेरी घसरली की खुलासाही मागतात. महिन्यापूर्वीचा नियम आज बदललेला असतो. यातलं खरं काय आणि कागदापुरतं काय, हे आम्ही ओळखायचं कसं?"

मॅडम, मी डॉक्टर आहे आणि बरीच वर्षं शालेय आरोग्याचं काम करतो. साथ आली की शाळेत जाऊन वर्ग पाहणं हा त्यातला एक भाग. अधूनमधून अशाच सूचनांचे मसुदे तपासून देणं हा दुसरा. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे. तुमचा राग रास्त आहे, पण परिपत्रक फाडून टाकावं इतकं ते टाकाऊही नसतं. त्यात धान्य आणि खडे एकत्र आलेले असतात आणि निवडायचं काम तुमच्यावर ढकललेलं असतं.

निवडण्याची एक खूण सांगतो. सूचनेतल्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने लिहा : यासाठी वेळ कोणाचा जाणार आणि पैसे कोणाचे? तुमच्या लगेच लक्षात येईल की जिथे श्रम शिक्षकाचे आहेत तिथे सूचना अगदी काटेकोर असते. हात किती सेकंद धुवायचे, बाक दिवसातून किती वेळा पुसायचे, नोंद कोणत्या रकान्यात करायची, सगळं ठरलेलं. जिथे खर्च संस्थेचा किंवा सरकारचा असतो, म्हणजे अडकलेल्या खिडक्या दुरुस्त करणं, पंखे बसवणं, तुकडी लहान करणं, बदली शिक्षक देणं, तिथे तीच भाषा एकदम मवाळ होते. शक्य असल्यास, परिस्थितीनुसार, स्थानिक पातळीवर. शिक्षकांना हे कळत नाही असं कोणी समजू नये. चिडचिड नियमांची नसतेच. नियम सोसायचे कोणी, याची असते.

यात कारस्थान शोधायला जाऊ नका. मसुदा असाच तयार होतो. विषाणूंचा अभ्यास करणारा माणूस म्हणतो की अमुक केल्यास धोका काहीसा कमी होण्याची शक्यता आहे. ते वाक्य तीन-चार टेबलांवरून खाली येईपर्यंत त्यातली शक्यता गळून जाते आणि 'करण्यात यावे' उरतं. करणारा कोण, हे वाक्यात नसतंच. म्हणून रांगेत सगळ्यात शेवटी जो उभा असतो त्याच्या गळ्यात ते पडतं, आणि शाळेत शेवटी वर्गशिक्षक उभा असतो. शिवाय मसुद्यात कलम घालायला कोणी अडवत नाही, काढायला मात्र कोणी धजावत नाही. बाक पुसण्याचं कलम मी काढलं आणि पुढच्या आठवड्यात एखाद्या शाळेत साथ पसरली तर विचारणा माझ्याकडे होणार, असा हिशेब प्रत्येक अधिकाऱ्याच्या डोक्यात असतो. म्हणून जुनी कलमं निवृत्त होत नाहीत. नवी त्यांच्या शेजारी येऊन बसतात.

नियम वारंवार का बदलतात, याची दोन वेगळी कारणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की विश्वास उडतो. एक, माहिती बदलते. दुसरं, निभावून नेण्याची गरज बदलते. अंतराचंच घ्या. कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटना किमान १ मीटर सांगत होती, कित्येक देश दीड मीटर, अमेरिका ६ फूट. विषाणू तोच होता. मग १९ मार्च २०२१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, वर्गात मास्क लावून बसलेल्या मुलांसाठी ६ फुटांचे ३ फूट केले. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांचा अभ्यास तेव्हा हाताशी होता. मास्क असताना ३ आणि ६ फुटांत लक्षणीय फरक त्यात दिसला नव्हता. पण शिक्षकांना दिसलं ते एवढंच, की ६ फुटांत सगळी मुलं वर्गात मावत नव्हती आणि ३ फुटांत मावतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. 'शाळा बंद ठेवण्याचं नुकसान मोठं आहे, म्हणून आम्ही थोडा जास्त धोका पत्करतो आहोत,' असं कोणी उघड म्हटलं असतं तर शिक्षकांनी ते समजून घेतलं असतं असं मला वाटतं. नुकसान खरोखरच मोठं होतं. एप्रिल २०२०च्या सुमारास जगभरात दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांबाहेर होते. धोका पत्करला आहे हे न सांगता 'आता हे सुरक्षित आहे' असं सांगितलं की ऐकणाऱ्याला आपण मूर्ख ठरवले जातोय असं वाटतं.

आता विज्ञानाकडे येतो, कारण सगळं खापर कारभारावर फोडून चालणार नाही. तज्ज्ञांच्या बाजूनेही मोठा गोंधळ झाला. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमांवर ठासून सांगितलं की कोविड हवेतून पसरत नाही. त्याआधी १० मार्चला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट काउंटीत, एका गायनवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला होता. एकूण ६१ जण हजर होते. मंडळींनी हस्तांदोलन टाळलं होतं, सॅनिटायझर वापरला होता. तरी एका आजारी व्यक्तीपासून निश्चित आणि संभाव्य मिळून ५२ जणांना लागण झाली आणि दोघांचा मृत्यू झाला. जुलै २०२० मध्ये हवेतून होणाऱ्या संसर्गाचे अभ्यासक लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या लेखाला २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा देऊन हवेकडे लक्ष द्या असं विनवलं. संघटनेच्या लोकांसाठीच्या माहितीत ही गोष्ट स्पष्टपणे यायला एप्रिल २०२१ संपत आला. तोवर शाळांच्या सूचना हात, अंतर आणि पृष्ठभाग या तिघांभोवती पक्क्या होऊन गेल्या होत्या.

मला यातली विसंगती अशी वाटते की हवेतून रोग पसरतो हे ज्ञान काही अंशी शाळेतच जन्मलं. अमेरिकी संशोधक विल्यम वेल्स यांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत वर्गाच्या वरच्या भागात हवेतले जंतू मारणारे अतिनील दिवे लावले. १९४१च्या गोवराच्या साथीत दिवे असलेल्या वर्गांमध्ये गोवर बराच कमी पसरला. (नंतर दुसरीकडे केलेल्या प्रयोगांत एवढा फायदा दिसला नाही. मुलं शाळेच्या बसमध्ये एकत्र येत होती, हे त्याचं एक कारण मानलं गेलं. बसच्या खिडक्यांबद्दल परिपत्रकात ओळ आहे का, ते जरूर बघा.) पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत दुसरीतल्या एका मुलीपासून १४ वेगवेगळ्या वर्गांतल्या २८ मुलांना गोवर झाला. यातल्या अनेक वर्गांत ती बसलेली नव्हती. इमारतीच्या वायुवीजन यंत्रणेतून तीच हवा सगळीकडे फिरत होती. म्हणजे हे सगळं ग्रंथालयात होतं; परिपत्रक लिहिणाऱ्याच्या टेबलावर नव्हतं.

हात आणि पृष्ठभाग इतके का चिकटून राहिले? ते दिसतात म्हणून. बाक पुसताना फोटो काढता येतो, हवेचा काढता येत नाही. सीडीसीने एप्रिल २०२१ मध्ये म्हटलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने कोविड होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. बंद खोल्यांत जंतुनाशकाचा फवारा किंवा धूर मारण्याची नेहमीची पद्धत नको, आणि माणसांवर फवारणी तर कुठल्याही परिस्थितीत नको, हे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं होतं. तरी फवारणीचे बोगदे उभे राहिले. मुलांच्या डोळ्यांत आणि श्वासात ते रसायन जातं, हा त्यातला खरा धोका.

म्हणून हात धुणं बंद करा असा अर्थ काढू नका. विषाणू अनेक आहेत आणि शाळेत ते सगळे येतात. नोरोव्हायरसने होणारी उलटी-जुलाबाची साथ हातांवरून आणि पृष्ठभागांवरून झपाट्याने पसरते. तिथे अल्कोहोलचा सॅनिटायझर फारसा उपयोगी पडत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं, आणि उलटी झालेली जागा क्लोरीनच्या द्रावणाने पुसावी लागते. कावीळ अ, हात-पाय-तोंडावर पुरळ उठणारा आजार, यांतही हातांची स्वच्छता महत्त्वाची. तेव्हा परिपत्रक आलं की पहिला प्रश्न हा : कोणत्या विषाणूसाठी? श्वासातून पसरणाऱ्यासाठी दिवसभर बाक पुसायला लावत असतील तर तुमचा वेळ वाया जातो आहे. उलटी-जुलाबाची साथ असताना नुसत्या सॅनिटायझरच्या बाटल्या येत असतील तर तो पैसा वाया जातो आहे. नळाला पाणी आणि साबण मागा.

कोविड, फ्लू, गोवर, कांजिण्या, सर्दीचे बरेचसे विषाणू, या सगळ्यांसाठी मुख्य प्रश्न हवेचा. समजायला सोपं म्हणून असं माना की वर्गातला प्रत्येक जण सिगारेट ओढतो आहे. जवळ बसणाऱ्याला धूर जास्त लागतो, म्हणून अंतराला अर्थ आहे. पण तासाभराने सगळी खोली धुराने भरते, तेव्हा ३ फूट काय आणि ६ फूट काय. गोवराचा विषाणू तर माणूस निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. हा धूर बाहेर काढायचा, गाळायचा किंवा मुळात कमी सोडायचा, एवढेच तीन उपाय आहेत.

बाहेर काढण्यापासून सुरुवात करा. एकाच भिंतीतल्या तीन खिडक्या उघडण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींतली एक-एक जागा उघडी असणं जास्त कामाचं. एका बाजूला खिडक्या आणि दुसऱ्या बाजूला व्हरांड्याकडचं दार असेल तर दार उघडं टेकवून ठेवा. दार मिटू नये म्हणून त्याला अडणा लावणं हा अनेक वर्गांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. वरची झडप किंवा झरोका असेल तर तो रंग लावून बुजवलेला आहे का ते बघा, बहुधा असतो. थंडी-पावसात खिडकी पूर्ण उघडणं जमत नाही तेव्हा वरचं तावदान चार बोटं उघडं राहिलं तरी चालतं. गरम झालेली शिळी हवा वरून निघते आणि मुलांच्या अंगावर झोत येत नाही.

छताचा पंखा ताजी हवा आणत नाही. तो आहे तीच हवा ढवळतो. खिडक्या उघड्या असतील तर ढवळण्याचा फायदा होतो, बंद असतील तर एकाचा श्वास सगळ्यांना वाटला जातो. भिंतीवरच्या एसीचंही तसंच, बहुतेक यंत्रं खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतात. 'आमच्याकडे एसी आहे, म्हणजे हवेचा प्रश्न नाही' असं मुख्याध्यापक अभिमानाने सांगतात तेव्हा मला त्या वर्गाची जास्त काळजी वाटते. ज्या वर्गाला एकाच बाजूने उजेड आहे तिथे खिडकीत बाहेर तोंड करून एक्झॉस्ट फॅन बसवा. हवा बाहेर फेकली की दारातून नवी आपोआप येते.

हवा पुरेशी बदलते का, हे अंदाजाने सांगण्याची गरज नाही. कार्बन डायऑक्साइड मोजणारं लहानसं यंत्र मिळतं. बाहेरच्या हवेत तो दर दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो. आपण सोडतो त्या श्वासात सुमारे ४०,०००. वर्गात आकडा ८०० असेल तर तुम्ही घेत असलेल्या हवेतला साधारण शंभरावा हिस्सा दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. २,००० असेल तर पंचविसावा. दाटीच्या बंद वर्गात २,००० सहज ओलांडले जातात, आणि दुपारच्या तासाला मुलं पेंगतात त्यात याचाही वाटा असू शकतो. प्रत्येक वर्गाला यंत्र हवंच असं नाही. शाळेत एक असलं तरी ते आठवडाभर एकेका वर्गात फिरवा, कोणती खिडकी उघडली की आकडा किती उतरतो ते टिपा, आणि मग त्या वर्गासाठी नियम करा. विज्ञानाचे शिक्षक यात रमतात, मुलं त्याहून जास्त. यंत्र घेताना ते इन्फ्रारेड पद्धतीने मोजणारं आहे ना, एवढं बघा. काही स्वस्त यंत्रं भलताच वायू मोजून अंदाजाने आकडा दाखवतात. इंग्लंडमध्ये सरकारने २०२१च्या शरद ऋतूत शाळांना अशी यंत्रं वाटायला सुरुवात केली. नंतर शिक्षकांची तक्रार झाली ती रास्त होती : आकडा लाल दिसतो हे कळलं, पुढे काय? मोजणं ही सुरुवात आहे, उपाय नव्हे. पण लाल आकडा कागदावर असला की खिडकीची मागणी तोंडी तक्रार राहत नाही.

मागणी किती करायची, याचेही आकडे उपलब्ध आहेत. सीडीसीने मे २०२३ पासून तासाला किमान ५ वेळा खोलीतली हवा स्वच्छ हवेने बदलावी असं सुचवलं आहे. ८ मीटर लांब, ६ रुंद आणि ३ उंच वर्ग म्हणजे १४४ घनमीटर. पाचने गुणलं की तासाला ७२० घनमीटर स्वच्छ हवा. पण इथे एक मेख आहे आणि ती परिपत्रकांत सहसा येत नाही. हा हिशेब खोलीचा आहे, माणसांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वायुवीजनविषयक मार्गदर्शनात दर माणशी सेकंदाला १० लिटर हवा धरली आहे. त्याच वर्गात ४० जण बसले तर तासाला १,४४० घनमीटर लागतात, म्हणजे दुप्पट. ६० बसले तर तिप्पट. लहान तुकड्यांसाठी लिहिलेला आकडा तुमच्या वर्गाला लावून 'पूर्तता झाली' म्हणणं ही फसवणूक आहे, भले ती नकळत झालेली असो. दिलासा एवढाच की आरपार वारा वाहत असेल तर उघड्या खिडक्या-दारांतून एवढी हवा मिळू शकते. पंखे-यंत्रांनी ती मिळवणं महाग पडतं.

वारा नाही, बाहेर धूळ-धूर आहे, गोंगाट आहे, अशा ठिकाणी गाळणी. हेपा गाळणी, म्हणजे हवेतले अगदी सूक्ष्म कण अडवणारी गाळणी, असलेल्या यंत्रावर ते तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं हा आकडा असतो, तोच बघा. 'आयन', 'प्लाझ्मा' वगैरे जाहिराती सोडून द्या. २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांनी चार-पाच चांगल्या गाळण्या आणि एक चौकोनी पंखा चिकटपट्टीने जोडून पेटीसारखं यंत्र सुचवलं. ते विकतच्या यंत्रांच्या तोडीची हवा देतं आणि वरच्या वर्गातली मुलं ते स्वतः बांधू शकतात. शाळांत मात्र अशी यंत्रं बंद पडून राहतात ती आवाजामुळे. शिकवताना शिक्षक ते बंद करतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. एक यंत्र पूर्ण वेगाने चालवण्यापेक्षा दोन कमी वेगाने चालवावीत, हा मसुदा लिहिणाऱ्याला न सुचणारा पण वर्गात उभ्या राहणाऱ्याला लगेच पटणारा मुद्दा.

धूर मुळात कमी सोडण्यासाठी शिक्षकाच्या आवाजाकडे बघा. मोठ्याने बोलताना तोंडातून हळू बोलण्यापेक्षा बरेच जास्त सूक्ष्म कण निघतात, आणि वर्गात सर्वांत जास्त वेळ, सर्वांत मोठ्याने बोलतं कोण? कमरेला लावायचा छोटा माइक-स्पीकर मिळाला तर तुमचा घसा वाचतो आणि कणही कमी होतात. सामूहिक पाठांतर, कविता, गाणी साथीच्या दिवसांत मैदानात किंवा व्हरांड्यात घ्या. मधल्या सुट्टीत वर्ग पूर्ण रिकामा करून दारं-खिडक्या सताड उघडा. तासाला सहा वेळा हवा बदलेल एवढा वारा असला तर दहा मिनिटांत हवेतल्या कणांचे साधारण दोन-तृतीयांश निघून जातात. हे फुकट आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

मास्कबद्दल थोडक्यात. साथ चढत असताना नाकाला नीट बसणारा एन-९५ प्रकारचा मास्क शिक्षकाला चांगलं संरक्षण देतो, सैल कापडी मास्क फार थोडं. अगदी लहान मुलांकडून दिवसभर तो नीट लावून घेणं हे शिक्षकाच्या उरलेल्या ताकदीवर दरोडा घालणं आहे. ज्या मुलाला ऐकू कमी येतं आणि ओठ वाचावे लागतात त्याचा विचार आधी करा. लसीकरणाबद्दल तर वाद नको. गोवराला रोखायला ९५ टक्के मुलांना दोन डोस मिळालेले असावे लागतात. प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचं कार्ड बघण्याइतका परिणामकारक उपाय शाळेच्या हातात दुसरा नाही.

आजारी मुलांचं कलम सर्वांत जास्त भांडणं लावतं. 'कोणतंही लक्षण असल्यास घरी पाठवा' हा नियम शब्दशः पाळला तर सर्दीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा होईल. फाटकावरची तापमापक बंदूकही फार उपयोगाची नाही, कारण कोविड, फ्लू, गोवर यांत लक्षणं दिसण्याच्या आधीपासूनच मूल संसर्ग पसरवू शकतं. त्यापेक्षा मोजके नियम ठरवा आणि पालकांना वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी द्या. नुसतं नाक वाहतंय आणि मूल खेळतंय, तर येऊ द्या. ताप असेल तर घरी, आणि तापाचं औषध न देता २४ तास ताप नसला की परत. उलटी-जुलाब थांबल्यावर ४८ तास घरी. कांजिण्यांत सगळे फोड सुकून खपली धरेपर्यंत. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. अंगावर पुरळ आणि ताप दोन्ही असतील तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही.

आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. एका हाताने 'आजारी असाल तर घरी राहा' सांगायचं आणि दुसऱ्या हाताने तापात शाळेत आलेल्या मुलाला वार्षिक समारंभात प्रमाणपत्र द्यायचं, हे मला आजवर कुठल्याही परिपत्रकात रद्द झालेलं दिसलेलं नाही. शिक्षकांना हेच दुपटीने लागू. 'लक्षणं असलेल्या शिक्षकांनी उपस्थित राहू नये' या वाक्याला पगारी रजा आणि बदली शिक्षक यांच्याशिवाय काडीचाही अर्थ नाही. शेजारच्या वर्गशिक्षकाने दोन वर्ग सांभाळायचे असतील तर दोन वर्गांची मुलं एकाच खोलीत कोंबली जातात, म्हणजे सुरक्षेच्या नियमानेच धोका वाढवला.

तुमच्या मूळ प्रश्नातला सर्वांत नाजूक भाग कागदाचा. शिक्षक बहुतेक वेळा काय करतात ते मला माहीत आहे. पूर्तता अहवालात सगळीकडे 'होय' लिहितात, कारण 'नाही' लिहिलं की खुलासा मागतात. ही सवय शिक्षकांना महागात पडते. सुरक्षित अंतर : होय. खेळती हवा : होय. मग वरच्या कार्यालयात चित्र तयार होतं की सूचना उत्तम आहेत आणि शाळा त्या पाळत आहेत. खिडक्यांना पैसे कशाला द्यायचे? उद्या साथ पसरली तर कागद तुमच्या विरुद्ध उभा राहतो : नियम पाळला होता म्हणता, मग साथ आली कशी? खोटं 'होय' हे तुमच्याच मागणीवर तुम्ही मारलेलं फुली-चिन्ह आहे.

त्याऐवजी परिपत्रक प्रश्न करून परत पाठवा. एकट्याने नाही, शिक्षकांच्या बैठकीत ठराव करून, मुख्याध्यापकांच्या सहीने. आवाज चढवायचा नाही, उपहास नाही, लांबण नाही. प्रत्येक कलमासाठी तीनच गोष्टी विचारायच्या : हे कोण करणार, कशाने करणार, आणि त्या वेळात कोणतं काम थांबवायचं. तिसरा प्रश्न सर्वांत जड आहे, कारण सूचना देणारा वेळ आकाशातून पडतो असं धरून चालतो. मी मसुद्यांच्या बाजूला बसलेलो असताना रागाची पत्रं एका गठ्ठ्यात बांधून ठेवलेली पाहिली आहेत. मोजमाप असलेल्या पत्राला मात्र कोणाला तरी टिपणी लिहावी लागते, आणि टिपणी लिहिली की ते प्रकरण पुढच्या टेबलावर जातं.

नमुन्यादाखल असं लिहिता येईल : 'वर्ग सातवी अ. खोली ८ × ६ मीटर, उपस्थिती ४८. सूचनेतील १ मीटर अंतर ठेवल्यास या खोलीत इतके बाक बसतात, उरलेल्या मुलांना कुठे बसवावे हे कळवावे. एकूण सहा खिडक्यांपैकी तीन उघडत नाहीत. सर्व उघडणाऱ्या खिडक्या व दार उघडे असताना दुसऱ्या तासाअखेर कार्बन डायऑक्साइडचे मापन इतके आले. तीन खिडक्यांची दुरुस्ती व एक एक्झॉस्ट फॅन मंजूर व्हावा. तोपर्यंत अंतर व वायुवीजनाबाबतचा रकाना "अंशतः" असा भरत आहोत.' आकडे तुमचे घाला. पत्र साथीच्या ऐन भरात पाठवू नका, तेव्हा सगळे आग विझवण्यात गुंतलेले असतात. अंदाजपत्रक तयार होण्याच्या दोन-तीन महिने आधी पाठवा, पोच घ्या, आणि एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालक प्रतिनिधींना द्या.